वॉशर

पहिल्या दिवशी म्हणालो, उसण भरली असेल,
आणि उरलेले सहा सिलिंडर चढवून आलो
वाल्पाराइसोच्या त्या टेकडीवर, जिथे गाडी जात नाही,
फक्त पायऱ्या जातात, आणि मी.

तिसऱ्या दिवशी मोजा घालायला वाकलो
तर कुल्ल्यातून निघालेली वीज
पोटरीमागून थेट अंगठ्यात उतरली.
खोकलो की पुन्हा. हसलो की पुन्हा.
मी हसणं सोडलं. खोकला काही ऐकेना.

डॉक्टर ओयार्सून बाईंनी फोटो उजेडावर धरला.
चौथा मणका, पाचवा, मधली चकती;
तिच्यातला गर फुटून मागे आलाय, नसेला टेकलाय.
एकतीस वर्षं गॅस वाहिलाय, मला कळलं.
म्हटलं, वॉशर गेलाय. बदला.
त्या हसल्या. एलेउतेरियो, तो असा बदलत नाहीत.

पुढचं मी माझ्या भाषेत लावून घेतलं:
साबणाचा फेस फासला की गळती दिसते, खरं;
पण माझ्या वयाच्या कितीतरी कमरांना फासला
तर बुडबुडे येतील,
आणि त्या माणसांना कधी वासही आलेला नसेल.
फोटोला दुखत नाही.

बहुतेकांचं सुरीवाचून सुटतं, त्या म्हणाल्या.
सांडलेला गर शरीरच हळूहळू जिरवतं.
आठवडे लागतात, कधी महिने.
गोळ्या घ्या, पण अंथरूण धरू नका. चाला.
नाहीच हटलं तर नसेजवळ एक सुई,
ती थोडे दिवस उसने देते.
तरीही नाही, तर छोटी चीर.
मग आवाज बदलून:
लघवी अडली, मांड्यांमधली जागा बधिर झाली,
पाऊल लुळं पडलं,
तर सकाळ होऊ द्यायची नाही. रात्रीच यायचं.

आता मी फरशीवर पडतो, पोटऱ्या खुर्चीवर,
आणि खालच्या गल्लीत भाचा पान्याने सिलिंडर वाजवतो.
टण टण, टण.
चूक.
माझं होतं टण, टण टण, आणि मग थोडं थांबणं.
त्या थांबण्यावरून बायका ओळखायच्या, दार उघडायच्या.
खरं सांगू, तो ताल नव्हताच.
पाठ मागायची ते.
दुसरं काही मी तिला दिलं नाही.

रात्री चकत्या पाणी पितात म्हणे,
सकाळी माणूस बोटभर उंच असतो.
ती उंची मी रोज दुपारपर्यंत पायऱ्यांवर सांडत आलो.

सातव्या आठवड्यात चाळीस पायऱ्या चढलो.
मोजल्या. याआधी कधी मोजल्या नव्हत्या.
वर फिलोमेनाबाईंनी दार उघडलं, माझ्या खांद्याकडे पाहिलं.
सिलिंडर कुठाय?
आज नुसता मीच आलोय.
मग बसा घटकाभर, म्हणाल्या, खुर्ची ओढत.
नको, म्हटलं, बसलं की जास्त दुखतं.
आणि उंबऱ्याशी उभा राहून
पहिल्यांदाच तिथून समुद्र पाहिला.