चिठ्ठी क्रमांक सात

अरुआच्या शाळेत, सुट्टीतल्या ओस वर्गात
आम्ही तेवीसजण. बाकं सहावीच्या पोरांची,
गुडघे मावत नाहीत.
छपराचा पत्रा तापून मधूनच टण्ण वाजतो
तेव्हा चांदिरूबाई बोलायच्या थांबतात,
जणू कुणी हात वर केलाय.

त्यांच्या नावाचा अर्थ, लुग्बारात, हाल.
"वाईट वर्षी जन्मले, म्हणून ठेवलं.
तेव्हा मला शिकवायला येऊ नका,"
एवढीच त्यांनी करून दिलेली ओळख.

पहिल्या तासाला फळ्यावर आकडे:
माणशी रोज पंधरा लिटर पाणी.
अडीचशे माणसांमागे एक नळ.
वीसजणांत एक संडास.
उतरवून घ्या, म्हणाल्या, पाठ करू नका.
पाठ झालं की समोरचा दिसेनासा होतो.
आफेकूनं हेही उतरवून घेतलं.

दुपारी दंडाला गुंडाळायची पट्टी.
मूल म्हणून कापडी बाहुली, आत गवत.
हिरवा, पिवळा, लाल.
साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल.
कुणीही मापा, बाहुली लालच.
"ही काही पास व्हायची नाही," मागून कुणीतरी.
बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
पट्टी कशी धरायची ते पुन्हा दाखवलं:
आवळायची नाही. टेकवायची,
ताप बघायला कपाळाला हात लावतो तशी.

तिसऱ्या दिवशी मैदानात नाटक.
आंब्याखाली टेबल, दोन खुंट्यांना दोरी.
अर्ध्यांना निळी जाकिटं,
अर्ध्यांना घडी घातलेल्या चिठ्ठ्या.
माझी सातवी:
*तू आई. तीन मुलं. एक वाटेत हरवलंय.
तुझं नाव यादीत नाही. आरडाओरडा कर.*

टेबलाशी मासाक्याचा मुलुंबा.
सभ्य मुलगा. पेनाचं टोपणसुद्धा नीट लावून ठेवणारा.
त्यानं यादीवरून बोट खाली नेलं,
मान हलवली.
आता ओरडायचं होतं.
घशातून काही निघेना.

कारण ती रांग मला ठाऊक होती.
काजो-केजीकडून नदी ओलांडून आलेली,
गोणी डोक्यावर, चपला हातात.
नाव नाही म्हटल्यावर आई ओरडली नव्हती.
कागदाची आणखी एक घडी घातली
आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.
पुन्हा. आणि पुन्हा.
तिच्या कितेंगेचा काठ धरून
आम्ही दोघी.

मी चिठ्ठीची घडी घातली.
मागे जाऊन उभी राहिले.

चार नंबरचा जादा भलताच रंगला होता.
धुळीत लोळला, टेबल हलवलं,
दोन ब्लँकेटं मिळवली, वर टाळ्या.

शिट्टी. सगळे गोल करून.
"सात नंबरनं भूमिकाच केली नाही," आफेकू,
वहीत बघून. खरं होतं.
बाईंनी मुलुंबाला विचारलं,
"टेबलाशी किती आले?"
"अकरा."
"चिठ्ठ्या किती वाटल्या?"
त्यानं यादी पाहिली. मग आम्हाला मोजलं, ओठ हलवत.
कान लाल झाले त्याचे.
"तू... कुठे होतीस?"
"रांगेत," मी म्हटलं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.
कुठून आलीस, किती वर्षांपूर्वी, काही नाही.
आंब्याची काटकी उचलून
पायावरची मुंगी झटकली, एवढंच.
"उद्या टेबलामागे पोनी बसेल.
जादा, तुझं छान झालं. ब्लँकेटं परत दे."

संध्याकाळी चहा, पानावर भाजलेले शेंगदाणे.
मुलुंबा कप घेऊन आला, जरा लांब बसला.
पुष्कळ वेळ साल सोलत राहिला, खाल्लं काही नाही.
मग: "ते तिसरं मूल.
सापडलं?"

"चिठ्ठीत तेवढं लिहिलं नव्हतं,"
मी म्हटलं,
आणि त्याच्या हातातले सोललेले दाणे
मागून घेतले.