हिरवा रंग

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
येर्नेया बाईंनी विचारायला लावलं.
सातवीचा वर्ग, एकोणीस मुलं, गमबूट,
आणि एका बाटलीत हिरवा रंग.

स्लोव्हेनियातल्या त्या गावाबाहेर
नदी चुनखडीच्या तोंडात शिरते आणि संपते.
म्हणजे, नकाशात संपते.
गाश्पेरने झाकण उघडलं, ओतलं.
पाणी क्षणभर पोपटी,
मग काळोखाने घोट घेतला.

डोंगरापलीकडे वर येते तिचं नाव वेगळं.
'माझ्या आईसारखं,' उर्श्का म्हणाली,
कुणी हसलं नाही.

मग झऱ्यावर पाळ्या लावून वाट बघणं.
तोवर झाडं: डोळे मिटा, सालीवर हात ठेवा,
गुळगुळीत ती बीच, भेगाळलेला तो ओक.
नेझा बराच वेळ हात ठेवून उभी.
'ही गार आहे.'
'तेही लिही,' बाई म्हणाल्या.

पहिला दिवस, काही नाही.
दुसरा, धुकं, आणि कुणाचा तरी डबा वाहून गेला.
तिसऱ्या दिवशी उर्श्काचे आजोबा काठी टेकत आले:
'साठ वर्षांपूर्वी माझी टोपी पडली त्या भोकात.
नवी होती.'
बाईंनी त्यांना खडकावर जागा करून दिली.

चौथ्या दिवशी पाणी हिरवं होतं का?
नऊ जणांनी हो लिहिलं, नऊ जणांनी नाही.
नेझाने लिहिलं, बहुतेक.
बाईंनी बाटलीत नमुना भरला,
बूच लावलं, तारीख घातली.

आजोबा अजून वाकून बघत होते.
रंग नव्हे.