नाव अकरा मिनिटांत परत येईल

रात्रपाळीत दर तासाला आकडे लिहायचे असतात.
चेंबर तीन, चार अंश. चेंबर पाच, चार पूर्णांक दोन.
उरलेला तास माझा.
कॉम्प्रेसरच्या घरघरीवर हेडफोन चढवून
मी तासगावातून निघतो, मीठतळाला पोचतो.
तिथे मी वैदू आहे, बाई आहे,
माझं नाव निळंबा.

गेल्या वर्षी आम्ही सात जण होतो.

कार्तिकात पहिला अपडेट आला
आणि माझ्या हाताचा गुण
चाळीसवरून सव्वीसवर आणला.
कारण दिलं होतं: समतोल.
दुधगावचा नेमगोंडा म्हणाला,
आमच्या डॉक्टरांचंही असंच झालंय,
फक्त त्यांनी नोटीस नाही लावली.
हसलो. त्याच रात्री जळक्या गुहेत
तो डोळ्यांदेखत तीनदा मेला
आणि मी पाला चोळत बसले.
(बसले, म्हणजे निळंबा.
घरी बोलतानाही कधी जीभ घसरते.)

माघात तिथली रात्र लहान केली.
कुणाला अंधार नको होता म्हणे.
मासेमारी काढून टाकली; इर्शादचे साडेचारशे गळ
एका सकाळी ‘जुनं सामान’ नावाच्या पेटीत जाऊन पडले.
मिरजेत तो तंबोऱ्यांना जवारी लावतो,
दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे,
अर्धा दिवस एकाच तारेला कान देणारा माणूस.
त्याला बदल्यात सोन्याची तलवार दिली.
रागावला असं नाही.
‘हाताला काम राहिलं नाही’, एवढं लिहून गेला.

आणि ऋषिपंचमीला, रथाच्या दिवशी,
इथे गावात दोराला हात लावायला रेटारेटी,
तिथे सर्व्हर बंद.
उघडला तेव्हा मीठतळाच्या काठावर
निळा दरवाजा उभा.
पलीकडे जायला चार सेकंद.

आधी नाव होती. अकरा मिनिटं घ्यायची.
नावाडी एकच वाक्य बोलायचा: वारा आहे तसा आहे.
पाण्यावर शत्रू येत नसत,
बटण दाबायला काही नसे,
म्हणून आम्ही बोलायचो.
नेमगोंडाचा घटस्फोट मला त्या नावेत कळला.
प्रणोती विट्याची, तिच्यामागे कायम मागांचा खडखडाट;
एकदा तो ऐकू आला नाही. वडिलांनी विकले, म्हणाली,
आणि मग माइक बंद पडला की तिनेच केला,
ते पाण्यावरच राहिलं.
मीही एकदा म्हणालो,
बेदाण्याचा वास आता मला येतच नाही.
कुणी काही बोललं नाही. किनारा आला.

आता खरं सांगतो.
त्यांनी विचारलं होतं आम्हाला. नाव की दरवाजा?
मी दरवाजावर बोट ठेवलं.
बाबरशेठ साडेतीनला फेरी मारतात, घाई होती,
आणि अकरा मिनिटं फुकट जातात
असं मलाही वाटायचं.

काल नावाड्यालाही काढलं.
पाटी तेवढी राहिली, विसरले असतील:
नाव अकरा मिनिटांत परत येईल.

निळंबाला मी पाटीखाली उभं केलं.
चेंबर तीन, चार अंश. चेंबर पाच लिहायचं राहिलं.
दरवाजातून एक नवखा आला, पहिल्या पातळीचा,
अंगावर सगळे फुकट मिळालेले कपडे.
माझ्याभोवती दोन चकरा मारल्या, एक उडी.
‘इथे काय मिळतं?’
काही नाही, मी लिहिलं.
‘मग थांबलीस का?’
वारा आहे तसा आहे, असं लिहिलं
आणि पुसलं.

लिहिलं: बस.
कुठून खेळतोस?