एकोणिसाव्या दिवशी

"आज हा मला ओळखत नाहीये," फानिसी म्हणाली.
मी वजनाच्या वहीत होते : एक हजार एकशे ऐंशी,
कालपेक्षा दहा ग्रॅम वर.
ओळखत नाही म्हणजे?
तिने छातीशी बांधलेल्या चितेंजेची गाठ सैल केली.
"रोज बोट दिलं की धरतो. बघा, मूठ उघडीच."

पस्तीस अंश आठ.
ताप असता तर बरं झालं असतं,
ताप निदान दार तरी वाजवतो.
नळीतलं दूध तसंच उभं, हिरवट.
पोट ताणलेलं, चकाकणारं.
छातीवर बोट दाबून उचललं :
पांढरा ठसा. एक, दोन, तीन,
चार म्हणेपर्यंत रंग परतला नाही.
मग तो श्वास घ्यायचं विसरला.
तळव्याला टिचकी मारली.
आठवलं त्याला.

मांगोचीत त्या रात्री वीज होती, पाणी नव्हतं.
वारा फिरला की तलावाची मासळी वॉर्डात घमघमते,
आणि बेसिनच्या नळातून नुसती हवा.
बादली एक. चौदा बाळं. आम्ही दोघी.
साबण होता, दोरीला बांधलेला, कोरडा.

शीर सापडली डोक्यावर, तिसऱ्या टोचणीला.
अर्धा मिली घेतलं. त्याच्या अख्ख्या अंगात
असेल जेमतेम अर्धा कप.
बाटली सकाळच्या मिनीबसने ब्लँटायरला,
ड्रायव्हर यासिनीच्या शर्टाच्या खिशात.
तोवर औषध अंदाजाने.

पहिल्या तीन दिवसांतलं दुखणं
बहुतेक आईकडून आलेलं असतं, असं शिकवलं आम्हाला.
एकोणिसाव्या दिवसाचं कुणाचं,
हे कुणी मोठ्याने सांगत नाही.
नळी बसवणारा हात, कूस वळवणारा,
"शहाणा गं बाई माझा" म्हणत ओठ पुसणारा.
मी रात्रभर माझे मोजत राहिले.
दोनच भरले.

चौथ्या दिवशी फोन : जंतू उगवला.
नाव मी अक्षर अक्षर लावून लिहून घेतलं.
पहिलं औषध त्याला लागू नाही. दुसरं आहे,
कपाटात सहा कुप्या.
एनिफाच्या जुळ्यांतली मुलगी परवाच गेली होती.
तिचं रक्त घ्यायला बाटली उरली नव्हती,
म्हणून तिच्या कागदावर कारणापुढे
मी नुसती रेघ ओढली.

फानिसी अजून बोट देऊन बसते.
आज करंगळी हलली, म्हणाली.
मी पाहिलं नाही.
नळाला पाणी आलं होतं,
मी कोपरापर्यंत हात धूत होते,
धुऊन झालेले.