बीम संपत येताना

मागाच्या मागं बसायचं, समोर नाही,
असं डोमाजी पौनीकर म्हणायचे.
"समोर कापड दिसते, बाई. कापड तं कोणालेही दिसते."
मागं बीम. बीमच्या कडेला साखळी,
साखळीला दांडी, दांडीवर वजन:
बिडाची चकती, एका अंगानं झिजलेली,
तिच्यावर कुणीतरी कधीचा खडूनं लिहिलेला ४.

पहिल्या दिवशी त्यांनी हात ठेवायला लावला.
चोवीसशे तार.
तळवा नाही, बोटांची पाठ,
तापातल्या लेकराच्या पोटाला लावतो तशी.
"ढिल्लं लागते का?"
नाही.
"मंग ताठ?"
कळत नाही.
"मंग उद्या या."

अकरा दिवस मी उद्या येत राहिले.
बाराव्या दिवशी डावीकडची कड
उजवीपेक्षा केसभर सैल लागली.
मी काही बोलायच्या आतच
ते पान्हा घेऊन उठले होते.

भरलेला बीम जाड असतो, शांत असतो.
वजन दांडीच्या टोकाला असलं तरी चालतं.
सूत उलगडतं, बीम बारीक होतो,
आणि तेच वजन जड व्हायला लागतं.
कुणी वाढवलेलं नसतं.
म्हणून दर दहा-बारा वारांनी
चकती एक खाच आत घ्यायची, साखळीकडं.
पुस्तकात नाही, पाटीवर नाही,
डोमाजींच्या डाव्या कानात होतं हे.
खटखटीचा सूर जरा चढला की
ते चहाची बशी खाली ठेवायचे.

आता ते नाहीत मागावर, लेकाकडं उमरेडला असतात.
हे मिहानला रात्रपाळीत, एका गेटवर.
तांडापेठेतल्या पत्र्याखाली दोन माग आणि मी.
नवतपात सहाला जो ताण असतो
तो दोनला नसतो.
सूत वाळून काडी होतं,
श्वास घेतला तरी तुटेल असं.
खिडकीला ओली पोती, फरशीवर बादलीभर पाणी,
ते अर्ध्या तासात कुठं जातं कुणास ठाऊक.

त्या दुपारी बहिणीचा फोन आला.
आई या महिन्यापासून तुझ्याकडं, म्हणाली.
माझं झालं आता.
मागाच्या आवाजात मी दोनदा विचारलं,
दोन्ही वेळा तिनं तेच सांगितलं, तितक्याच जोरानं.
मी हो म्हटलं.
मग आई झोपेल कुठं ते बघत बसले:
सुताच्या पेट्या हलवल्या तर एक खाट,
पण मग दार अर्धंच उघडतं.
माग चालू होता. बीम बारीक होत होता.
पाचला एकदम सहा तार तुटले तेव्हा
मी धावत मागं गेले
आणि चकती तीन खाचा आत ढकलली.
एकदम.

गांधीबागेत शेठजींनी ठाण ट्यूबलाइटसमोर धरलं.
बोट सरकत गेलं, सरकत गेलं, थांबलं.
एक आडवी रेघ.
दुपारभर मी विसरले होते
ते त्यांना कुठंच दिसलं नाही.
ते हळूहळू झालं होतं.
मला आठवलं, तिथंच रेघ पडली होती.

"इथं काय झालं?"
लाईन गेली होती, म्हटलं.
त्यांनी मान हलवली. लाईन सगळ्यांची जाते.
रेघेच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं सोडून
कात्री चालवली, पैसे कापले,
तुकडा माझ्याकडं सरकवला.

धोट्याच्या पेटीपाशी आहे तो, तेल पुसायला.
आई खाटेवर पडून माग ऐकते.
अर्ध्या दाराचं तिनं काही काढलं नाही.
काल म्हणाली, तुझा हा एक माग
मघापासून ओरडून बोलतोय बघ.
मी हात पुसले, उठले,
मागं गेले.
एकच खाच.