कोणाकडे

सी ड्राइव्ह पुसला, विंडोज नवी कोरी.
डी-ला हातसुद्धा लावला नव्हता,
नव्वद जीबी जिथल्या तिथे.
तरी लाँचर विचारतो: इन्स्टॉल करू?

अरे, घरात बसलेल्या माणसाला
कोण विचारतं, कुठून आलात?

पावणेदोन. कन्नमवार नगर.
जुनी चार मजली पाडली, तिच्याच जागेवर
आम्ही आता सतराव्यावर.
खालचा वॉचमन आईला अजून
पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावतो.
'कोणाकडे' या रकान्यात
ती स्वतःचंच नाव लिहिते.

सातोसकर फोनवर म्हणाला, भांडू नकोस.
हो म्हण. फोल्डर तोच दाखव.
एका टक्क्यावर थांबव, परत सुरू कर.
मग तो आपणच चाचपून बघतो.

हो म्हटलं.
एक टक्का. थांब. चल.
'असलेल्या फाइल्स तपासत आहे.'
पंखा घुरघुरला. चौदा. एकेचाळीस.
नव्याण्णववर इतका वेळ अडला
की मी भांडी घासून आलो.
आल्यावर बघतो तर बटण बदललेलं:
खेळा.

सेव्ह मात्र सी-वर होते.
हे सातोसकर बोलला नव्हता.
दोन वर्षांचा किल्ला, घोडा, सगळं साफ.
काळ्या पडद्यावर गेमने
आधी नाव विचारलं.

लिहिलं.