काल इथे ठेवा

उद्यमबागेतून टेम्पो सुटला तेव्हा साडेपाच.
खंडेनवमीचं कुंकू अजून लेथवर होतं,
झेंडू मात्र वाळून कडक.
अकरा माणसं, दोन कॅन पाणी,
लुमाण्णाच्या पिशवीत भडंग,
आणि मोनाप्पा बिर्जेनं उगाच घेतलेला
एक लांबलचक दोर,
म्हशीचा. वास येत होता त्याला.

जांबोटी मागे पडली तशी
भातं दिसली, लोंब्यांनी वाकलेली,
धुकं त्यांच्या गळ्याएवढं.
कणकुंबीच्या अलीकडे ड्रायव्हरनं गाडी लावली
आणि सीटवर आडवा झाला.
डोंगर त्याला रोज दिसतो.

सुरुवात सोपी होती.
कारवी, मग गवत,
कुसळं मोज्यांत शिरून
पावलापावलाचा हिशेब मागणारी.
सोनकी सरत आलेली.
मी पुढे होतो, सांगत होतो,
आमच्या काळी हा डोंगर आम्ही चपलेवर चढायचो.
खरं तर एकदाच. तोही अर्धा.

मग कातळ आला.
फार नाही, दोन पुरुष उंच,
पण डाव्या हाताला काहीच नाही,
खूप खालपर्यंत काहीच नाही,
आणि मग झाडांचे शेंडे.
भट्टीवरची पोरं खारीसारखी गेली.
मी मध्यावर थांबलो.
एक पाय खाचेत, दुसरा
कुठं ठेवायचा ते विसरलेला.
बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी,
कुठला बोल्ट कुठल्या खणात, अंधारात सांगेन;
आणि हा एक पाय.

वरून शिवलीला वाकली, कोअर शॉपमधली,
हुक्केरीकडची, मराठी तिची अजून ओली.
"काल इल्ली इडरी," म्हणाली,
आणि बोटानं एक खोबण दाखवली.

काल म्हणजे पाय.
मला कळत नाही होय? जन्म गेला इथं,
मेथीची जुडीसुद्धा दोन भाषांत घासाघीस करून घेतो आम्ही.
पण घाबरलेला माणूस
आईच्याच भाषेत पडतो.
मला ऐकू आलं,
काल इथे ठेवा.

कालच तर
साहेबांच्या केबिनमध्ये सही करून आलो होतो.
तीन ठिकाणी, तारखेसह.
घरी बोललो नव्हतो,
कुणालाच नाही.
खिशात पेन तेच होतं.

"इल्ली," ती पुन्हा म्हणाली. "गट्टी ऐतरी."

ठेवला.
दगड हलला नाही.
मोनाप्पाचा दोर काखेखालून आला
आणि म्हशीसारखाच मी वर निघालो.
सगळे हसले. मीही, जरा उशिरा.

माथ्यावर सर्वेचा खांब होता,
कुणीतरी देव समजून शेंदूर फासलेला.
लुमाण्णाच्या फोनला गोव्याचा टॉवर लागला,
माझ्या फोनला चंदगडचा,
शिवलीलाच्या फोनला कसलाच नाही.
भडंगात कांदा चिरला. लिंबू विसरलो होतो.
वारा असा, की पहिली मूठ
तोंडाआधी खाली दरीत.

उतरायला मोनाप्पानं लांबची वाट धरली,
गवतातली. कातळाकडे कुणी फिरकलं नाही.

टेम्पोत झोपाळलेल्या आवाजात ती म्हणाली,
"सोमवारी स्टोअरला येतो सर, हातमोजे फाटल्यात."
ये, म्हटलं.
डावीकडून तिसरा खण.
किल्ली चौकटीवर असते.